आयटीआयमध्ये पोराच्या हाताला खरंच किती तास मिळतात?

दहावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, मी बरीच वर्षं फिटरचा निदेशक, म्हणजे शिकवणारा, होतो. निवृत्त झालो, तरी नातेवाइकांच्या लेखी मी अजून ‘आयटीआयवाले दादा’च आहे. यंदा अमळनेरहून मावसभावाचा फोन आला. “दादा, पोऱ्याले आयटीआयमा टाकू का? इलेक्ट्रिशियनले नंबर लागी ऱ्हायना.” मग जरा थांबून, आवाज खाली आणून त्यानं विचारलं, “पण तठे काही शिकाडतस का?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुणीही देईल. दुसरा प्रश्न मात्र जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या हजारो घरांचा आहे, आणि त्याचं सरळ उत्तर कुणी देत नाही. पेपरात पीएम-सेतू, हब अँड स्पोक, साठ हजार कोटी असं काय काय छापून येतं. वाचणाऱ्याला वाटतं, काहीतरी मोठं चाललंय, पण आपल्या पोराच्या पदरात काय पडणार ते कळत नाही. म्हणून हे जरा मुळापासून सांगतो.

## आयटीआय म्हणजे नेमकं काय?

केंद्र सरकारनं १९५० मध्ये शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. आयटीआय याच योजनेखाली चालतात. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, टर्नर या प्रत्येक कामाला ‘ट्रेड’ म्हणतात. वेल्डर, डिझेल मेकॅनिक, कोपा (संगणकाचा ट्रेड) हे एक वर्षाचे ट्रेड. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे. बहुतेक ट्रेडला दहावी पास लागतं, वायरमन आणि वेल्डरसारख्या काही ट्रेडला आठवी पास मुलगाही चालतो.

कारभार दोन ठिकाणांहून चालतो, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्र दिल्लीच्या प्रशिक्षण महासंचालनालयाचं. इमारत, निदेशक, यंत्रं आणि प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे. म्हणजे गाडी राज्याची, वेळापत्रक दिल्लीचं. गाडी उशिरा आली की प्रवाशानं कुणाला विचारायचं, हा प्रश्न उरतोच.

लोक अजूनही ‘एनसीव्हीटीचं सर्टिफिकेट आहे का’ असं विचारतात. ती जुनी परिषद. व्यवसाय शिक्षणावर देखरेख ठेवायला २०१८ मध्ये नवी परिषद अधिसूचित झाली आणि ऑगस्ट २०२० पासून तिचं काम सुरू झालं. तिला एनसीव्हीईटी म्हणतात. नावात एकच अक्षर वाढलंय, त्यामुळे चुकायला होतं. तुम्हाला लक्षात ठेवायचं ते एवढंच: आयटीआयचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र वेगळं आणि चौकात बोर्ड लावून दिलं जाणारं तीन महिन्यांच्या कोर्सचं प्रमाणपत्र वेगळं. भरतीच्या जाहिरातीत पहिलं मागतात. खासगी आयटीआयमध्ये घालत असाल, तर नुसत्या संस्थेच्या संलग्नतेवर जाऊ नका. तुम्हाला हव्या त्या ट्रेडच्या त्या तुकडीला महासंचालनालयाची संलग्नता आहे का, ते बघा. एका ट्रेडला असते, शेजारच्या ट्रेडला नसते, असंही असू शकतं.

## ८४० तासांचा हिशेब

आता मुख्य गोष्ट. २०२२ मध्ये सुधारलेल्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाचे एकूण १,२०० तास धरलेत. त्यातले ८४० तास प्रात्यक्षिकाचे, २४० तास थिअरीचे आणि १२० तास रोजगार कौशल्याचे, म्हणजे संगणक, बोलणं-चालणं, मुलाखत वगैरे. शिवाय १५० तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी शिकायचे.

८४० तास म्हणजे रोजचे सहा तास धरले तर १४० दिवस. कागदावर हा आकडा चांगला आहे. एखाद्या पोरानं १४० दिवस मन लावून लेथ, म्हणजे लोखंड फिरवून कापायचं यंत्र, चालवला, तर तो कोणत्याही वर्कशॉपमध्ये मान वर करून उभा राहील.

पण तुकडीत वीस पोरं असतात. वीसजणांना मिळून चालू स्थितीतले चारच लेथ असतील, तर प्रत्येकाच्या हाताला ८४० पैकी १६८ तास येतात. सहा तासांच्या हिशेबानं हे अठ्ठावीस दिवस झाले. प्रमाणपत्रावर वर्ष लिहिलंय आणि हाताला लाभला महिनाही नाही. बाकीचे दिवस पोरगा उभा होता, बघत होता, दुसऱ्याच्या खांद्यावरून डोकावत होता. हिशेब ढोबळ आहे. सगळी प्रात्यक्षिकं लेथवरची नसतात आणि चांगला निदेशक बाकीच्यांना फाइलिंग, मार्किंग असं दुसरं काम देतो. तरी भागाकार बदलत नाही.

आपल्याकडच्या मायमाउलींना हे लगेच कळतं. कळण्याची भाकरी थापायला शिकवायची आहे. वीस मुली बसल्यात, तवा एक, पीठ दोन ओंजळी. पहिल्या दोघी-तिघी थापतील, बाकीच्या बघतील. वर्षाच्या शेवटी सगळ्यांना पाणी किती, विस्तव केवढा, हे तोंडपाठ असेल. पण ज्या मुलीच्या तळहाताला पीठ लागलंच नाही तिची भाकरी परातीतच फाटणार, आणि त्यात तिची काय चूक?

व्यवसाय शिक्षणातला जवळपास प्रत्येक प्रश्न मला या एका हिशेबाला जोडलेला दिसतो. रिकामी पदं, बंद यंत्रं, न आलेला कच्चा माल, कंपन्यांची उदासीनता, एसटीची वेळ, सगळे वेगवेगळे विषय वाटतात, पण शेवटी सगळे मिळून पोराच्या हाताचे तास खातात.

## तास म्हणजे काय, ते एका जॉबवरून

फिटरला पहिल्या महिन्यात पोराच्या हातात कानस देतात. लोखंडी पट्टीचा तुकडा बेंच वाइसमध्ये पकडायचा आणि त्याची कड सरळ घासायची. बघणाऱ्याला वाटतं, ह्यात काय? पोरगाही दहा मिनिटांत म्हणतो, “सर, झालं.”

मग आम्ही गुण्या द्यायचो. गुण्या जॉबच्या, म्हणजे घासायला दिलेल्या तुकड्याच्या, कडेला लावायचा आणि दोन्ही खिडकीच्या उजेडाकडे धरायचे. पातं आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली, तर जॉब सपाट नाही. नव्या पोराला नेहमी दोन्ही टोकांना उजेड दिसतो, कारण कानस पुढे नेताना त्याचा हात झोके खातो. सुरुवातीला डाव्या हाताचा दाब जास्त हवा, मध्यावर दोन्ही सारखे, शेवटी उजव्याचा. हे फळ्यावर लिहून दोन मिनिटांत सांगता येतं. हाताला समजायला पंधरा-वीस दिवस लागतात. तळहाताला फोड येतात, ते फुटतात, कातडी टणक होते, आणि मग एके दिवशी गुण्या लावला की उजेड दिसत नाही.

त्या दिवशी पोराचा चेहरा बघण्यासारखा असतो. दहावीत पस्तीस-चाळीस टक्क्यांवर ढकललेलं पोरगं असतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कळलेलं असतं की आपल्याला काहीतरी अगदी बरोबर जमलं, आणि ते बरोबर आहे हे ठरवायला कुणाच्या शेऱ्याची गरज नाही. मी हे पुष्कळ वेळा पाहिलंय. तास मिळाले तर हे होतं. नाही मिळाले तर तेच पोरगं दुसऱ्याच्या जॉबवर आपला नंबर टाकून तपासायला आणतं, आणि आम्ही ओळखूनही गप्प बसतो. मीही बसलोय.

वेल्डरचं तर अजून सोपं गणित आहे. वेल्डिंगचा एक रॉड मिनिट-दीड मिनिटात जळून जातो. दिवसाला पाच रॉड वाट्याला आले, तर दिवसभरात सात-आठ मिनिटंच वेल्डिंग झालं. म्हणून वेल्डरच्या पालकानं शेडचा रंग बघू नये. महिन्याला रॉडचे किती पुडे येतात, ते विचारावं.

## यंत्रं आहेत, मग बंद का?

मी ज्या एका संस्थेत होतो तिथे एका योजनेतून नवं यंत्र आलं. हार घातला, फोटो काढले. मग कळलं की संस्थेचा मंजूर वीजभार त्याला पुरणार नाही. वाढीव भाराचा अर्ज गेला, पण तो कुठल्या खर्चातून भरायचा ते ठरेना. यंत्रासाठी निधी होता, विजेच्या जोडणीसाठी नव्हता. आठ महिने ते ताडपत्रीखाली उभं होतं. त्या वर्षीच्या तुकडीनं त्याची ताडपत्री तेवढी पाहिली आणि परीक्षा देऊन निघून गेली.

यात कुणी एकजण दोषी होता असं मला वाटत नाही. खरेदी करताना वस्तू मोजली, पोराचे तास मोजले नाहीत. हातात दहा लाख आले तर नवं यंत्र घ्यायचं की जुन्या चार लेथचे बेल्ट, चक आणि मोटारी दुरुस्त करायच्या? दुरुस्तीनं तास चौपट वाढतील, पण दुरुस्तीचं उद्घाटन होत नाही.

## निदेशक नसेल तर?

यंत्रापेक्षाही मोठी अडचण ही आहे. निवृत्त होणारे निवृत्त होतात आणि पद वर्षानुवर्षं रिकामं राहतं. राज्यात २०२२ मध्ये शिल्प निदेशकांच्या जवळपास दीड हजार पदांची जाहिरात एकदम निघाली. एवढी पदं एकाच वेळी भरावी लागतात, यावरून आधीची वर्षं कशी गेली असतील ते समजून घ्या. मधल्या काळात तासिका तत्त्वावरचे निदेशक काम ओढतात. तासाप्रमाणे पैसे, तेही अडकून अडकून. सुट्ट्यांत काही नाही. यातले कितीतरी जण जीव तोडून शिकवतात. पण पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे माहीत नसलेला माणूस यंत्राची जबाबदारी अंगावर कशी घेईल? लेथ बिघडला तर भरपाई आपल्याच गळ्यात येईल, या भीतीनं तो बंद ठेवणंच बरं वाटतं. पुन्हा तास गेले.

कौशल्य शिकवणं हेही स्वतंत्र कौशल्य आहे. त्यासाठी एका वर्षाचं वेगळं प्रशिक्षण असतं, सीआयटीएस नावाचं. मुंबईत चुनाभट्टीला राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत ते होतं. कंपनीत वीस वर्षं काम केलेला कारागीर हुशार असतो, पण झोके खाणारा हात बघून चूक खांद्यात आहे की पायाच्या ठेवणीत, हे सांगायला तो शिकलेला असतोच असं नाही. आणि शिकलेला निदेशकही वीस वर्षं कारखान्यात पाऊल न टाकता शिकवत राहिला तर मागे पडतो. दर तीन-चार वर्षांनी निदेशकाला पगारासकट महिना-दोन महिने कारखान्यात पाठवा. फार पैसा लागत नाही, आणि माझ्या मते याच्याइतकी फळ देणारी दुसरी सुधारणा नाही.

## “कंपनीत गेला की शिकेलच की!”

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि तो अर्धा खरा आहे. जर्मनीत पोरगा आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस शाळेत असतो. तिथली पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. आपल्याकडेही शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ पासून आहे. आयटीआयनंतर कंपनीत विद्यावेतन घेऊन काम शिकायचं, त्याला लोक अप्रेंटिसशिप म्हणतात.

कायद्याप्रमाणे तीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. चार ते एकोणतीस कामगार असतील तर ऐच्छिक. आयटीआय झालेल्याला किमान विद्यावेतन २०१९ मध्ये दरमहा ७,००० रुपये ठरलं. २०१६ च्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत त्यातला पाव हिस्सा, १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देतं.

आता हे खान्देशच्या नकाशावर ठेवा. भुसावळला रेल्वेची इलेक्ट्रिक लोको शेड आणि वर्कशॉप, भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माणी, दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र ही शिकायला उत्तम ठिकाणं. मध्य रेल्वेच्या अप्रेंटिस भरतीत भुसावळचा स्वतंत्र विभाग आहे, निवड दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर होते, आणि तिथली अप्रेंटिसशिप झालेल्यांना रेल्वेच्या सर्वांत खालच्या स्तराच्या भरतीत वीस टक्के जागा राखीव असतात. म्हणून या जागांवर उड्या पडतात.

पण अशी ठिकाणं मोजकी. जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिल आहेत, चटईचे कारखाने आहेत, पाइप आणि ठिबकचे उद्योग आहेत. मोठे सोडले तर पुष्कळ ठिकाणी दहा-पंधरा माणसं. धुळ्यात अवधानला तसंच. छोट्या मालकाची बाजूही ऐका. त्याच्याकडे एकच फिटर असतो, मिल बंद पडली की तासाला नुकसान, पोराला शिकवायला वेळ कुणाला? पोर्टलवर नोंदणी, करार, हजेरी हे सांभाळायला ऑफिसात माणूस नाही. तो म्हणतो, “पोरगं मीच शिकवायचं आणि सहा महिन्यांनी ते चाकणला जायचं.” त्याचं चुकतं असं मला म्हणवत नाही.

वाट आहे. दहा-बारा छोट्या कारखान्यांनी मिळून एक करार करायचा, कागदपत्रं आयटीआयनं सांभाळायची आणि पोरं तीन-तीन महिने एकेका मिलमध्ये फिरवायची. पोराला दहा तऱ्हेची यंत्रं दिसतात आणि मालकावर एकट्यावर भार येत नाही. द्विस्तरीय प्रशिक्षण, म्हणजे काही महिने संस्थेत आणि काही महिने कंपनीत, याची सोय सरकारी नियमांत आहेच. कुणीतरी मोटारसायकल काढून मिल मिल फिरायला हवं, आणि त्या फिरण्याला काम म्हणून मोजायला हवं.

एक सावधगिरी. शिकाऊ उमेदवारी म्हणजे नोकरीची हमी नव्हे. आणि काही ठिकाणी अप्रेंटिसला वर्षभर झाडू, पॅकिंग आणि चहा यातच ठेवतात. राज्य सरकारनं २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली, त्यात आयटीआयवाल्याला महिना ८,००० रुपये ठरवले होते. पैसा मिळाला हे चांगलंच. पण कुठे बसवलं आणि हाताला काय दिलं, हे पोराला रोज संध्याकाळी विचारा. आणि ज्याच्या हाताला आयटीआयमध्येच तास मिळाले नाहीत, त्याला कंपनी शिकवत बसत नाही, पॅकिंगला लावते. आक्षेपाचा अर्धा भाग खोटा तो इथे.

## “अभ्यासक्रमच जुनाट, आता रोबोट आले”

यावर माझं मत थोडं वेगळं आहे. मोजायला, सरळ घासायला, ड्रॉइंग वाचायला आणि वीज सुरक्षितपणे हाताळायला शिकणं जुनं होत नाही. संगणकावर चालणाऱ्या मशीनवरही चुकलेला जॉब व्हर्नियरनंच, म्हणजे बारीक माप घ्यायच्या हत्यारानंच, पकडतात.

मात्र ट्रेड कुठे कोणते चालतात, हे बघायलाच हवं. साक्रीजवळ शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलला डोंगरभर पवनचक्क्या आहेत, शेताशेतांत सौर पंप बसताहेत. रावेर-यावलची केळी पिकवणी केंद्रात आणि शीतगृहात जाते. तिथला कॉम्प्रेसर बिघडला की मेकॅनिकची वाट बघत माल काळा पडतो. सोलर टेक्निशियन, रेफ्रिजरेशन, कृषी यंत्रसामग्रीचा मेकॅनिक हे ट्रेड केंद्राच्या यादीत आहेत. आपल्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये आहेत का? नसतील तर ग्रामपंचायत, केळी उत्पादक, शीतगृहवाले यांनी मागायला नकोत का? संस्थेची व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात उद्योगातली माणसं बसायची असतात. तिथे केळीचा बागायतदार बसलेला मी कधी पाहिला नाही.

पण जुनीच पदं रिकामी असताना नव्या ट्रेडचा नुसता बोर्ड लावू नये. निदेशक, यंत्र आणि माल तिन्ही येणार असतील तरच ट्रेड उघडावा.

## साठ हजार कोटींचं काय होणार?

पीएम-सेतू ही योजना ४ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरू झाली. देशातल्या १,००० शासकीय आयटीआय सुधारायच्या, त्यातल्या २०० हब आणि ८०० स्पोक. हब म्हणजे जिल्ह्याचं सिव्हिल हॉस्पिटल समजा, स्पोक म्हणजे तालुक्याची ग्रामीण रुग्णालयं. महागडी यंत्रं आणि तज्ज्ञ हबमध्ये, रोजचं शिक्षण स्पोकमध्ये, आणि गरज पडेल तेव्हा पोरं हबला जाणार. खर्च ६०,००० कोटी: केंद्र ३०,०००, राज्यं २०,००० आणि उद्योग १०,०००.

मांडणी मला आवडली, विशेषतः उद्योगाला पैशासकट निर्णयात बसवलंय हे. पण ठिबक ज्याच्या शेतात आहे त्याला माझी काळजी पटेल. मोटार मोठी घेतली, विहिरीला पाणी आहे, मुख्य पाइप नवाकोरा. तरीही ड्रीपर चोकअप असेल तर केळीचं खोड सुकतं, आणि ते बांधावरून दिसत नाही. ओळीत वाकून एकेक ड्रीपर बघावा लागतो. याआधी २००७-०८ पासून देशातल्या १,३९६ शासकीय आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळालं होतं. म्हणजे मोटार पहिल्यांदा बसत नाहीये.

धोरणांचंही तसंच झालं. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानं १९९५ पर्यंत उच्च माध्यमिकचे पंचवीस टक्के विद्यार्थी व्यवसाय शिक्षणाकडे वळवायचं ठरवलं होतं. २०२० च्या धोरणानं मान्य केलं की १९ ते २४ वयोगटातल्या मनुष्यबळात रीतसर व्यवसाय शिक्षण घेतलेले पाच टक्क्यांहून कमी आहेत. त्याच ओळीत जर्मनीचा आकडा ७५ टक्के आणि दक्षिण कोरियाचा ९६ टक्के दिलाय. मग नवं लक्ष्य ठेवलं. आपण दर वेळी किती पोरं दाराच्या आत आली ते मोजतो. पीएम-सेतूच्या अहवालात प्रत्येक संस्थेचा, प्रत्येक ट्रेडचा, दर पोरामागे यंत्रावरचे प्रत्यक्ष तास हा एक रकाना असावा, एवढीच माझी मागणी आहे. हा आकडा संस्थेच्या दारावर खडूनं लिहिला तरी चालेल.

## मोलगीच्या पोराला हब किती लांब?

हब जिल्ह्याच्या गावी झालं, तर धडगाव-मोलगीच्या पोरानं घाट उतरून रोज यायचं का? नंदुरबारच्या डोंगरातली पोरं घरी पावरी किंवा भिली बोलतात. मराठी ही त्यांची दुसरी भाषा, आणि यंत्राचे शब्द इंग्रजी. माझ्याकडे अक्राणीकडचा एक मुलगा होता. तोंडी परीक्षेत एक शब्द बोलायचा नाही, पण त्याचा जॉब साऱ्या तुकडीला उदाहरण म्हणून दाखवावा असा. अशा मुलांना वसतिगृह मिळालं नाही तर ती दिवाळीनंतर परत येत नाहीत. घरचे ऊसतोडीला गुजरातेत निघतात आणि पोरगंही जातं. हजेरीपटावर ‘गैरहजर’ एवढंच लिहिलं जातं.

मुलींचंही थोडंफार असंच. फिटरला, इलेक्ट्रिशियनला मुली येतात, चांगलं शिकतात. त्यांना अडवतं ते शेवटच्या एसटीची वेळ आणि वर्कशॉपजवळ नसलेलं स्वच्छतागृह. एक तास आधी निघावं लागलं तर आठवड्याचे सहा तास गेले, आणि ते प्रात्यक्षिकाचेच जातात.

## “आयटीआय केलं की पुढचं शिक्षण बंद”

हे साफ खोटं आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. फक्त गणिताची तयारी सुट्टीत करून घ्या, तिथे आमची पोरं अडखळतात. भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षताही मिळवता येते, आणि ती मिळवाच, कारण महावितरणच्या विद्युत सहाय्यकासारख्या भरतीत आयटीआयबरोबर बारावीही मागतात. ज्याला स्वतःचा धंदा करायचाय, त्यानं तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा परवाना काढावा. सुरतेत उधना-लिंबायतला आपली कितीतरी माणसं आहेत. हातात परवाना आणि कला असलेला माणूस तिथे हमाली करत नाही.

## प्रवेशाआधी एक चक्कर

मावसभावाला मी म्हणालो, ऑप्शन भरण्याआधी पोराला घेऊन संस्थेत जा. दुपारी, प्रात्यक्षिकाच्या वेळेला. ऑफिसात बसू नको, शेडमध्ये जा. चालू यंत्रं किती ते मोज, पोरं किती ते मोज. निदेशक कायम आहे की तासिकेवर, ते विचार. दुसऱ्या वर्षाच्या पोराला बाजूला घे आणि विचार, की तू स्वतः मोटार किती वेळा वाइंड केली. आणि त्याचे तळहात बघ.

परवा त्याचा फोन आला. दोन आयटीआय बघून आला होता. एका ठिकाणी शेड चकाचक, पण कपाटाला कुलूप आणि किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर. दुसऱ्या ठिकाणी पत्रे गळतात, मात्र टेबलावर उघडलेल्या मोटारी होत्या. बावीस-तेवीस वर्षांचा तासिकेवरचा निदेशक जमिनीवर बसून पोरांबरोबर तार गुंडाळत होता. दुसऱ्या वर्षाच्या पोरानं सांगितलं, “सात वेळा केली, दोनदा जळाली.”

“मंग कोठे टाकू, दादा?” त्यानं विचारलं.

मी म्हटलं, जिथे दोनदा जळाली तिथे.